अर्जदार कोंडाबाई

लातूर
१८ एप्रिल २०१६

आदरणीय सर,
सविनय जय भीम.

तुमचं कार्ड शनिवारी मिळालं. नांदेडचा शिक्का आणि तुमचं अक्षर, दोन्ही ओळखलं. कुलूप काढायच्या आधी दारातच उभी राहून वाचलं.

तुम्ही लिहिता, 'टीव्हीवर तुला पाहिलं आणि ऊर भरून आला. आमच्या घरात वाढलेली पोर आज तहानलेल्यांची माय झाली.' सर, तुमच्या घरातून निघून मला सोळा वर्षं झाली. त्यानंतर मी तीन गावी भाड्याच्या खोल्यांत राहिले, परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा नायब तहसीलदार झाले. पण तुमच्या वाक्यात मी अजून तुमच्याच घरात आहे. असो. वादासाठी हे पत्र नाही.

टीव्हीवरच्या त्या फोटोत तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही कळवलंत. मला काय दिसतं ते सांगते. मी घागर तिरकी धरून उभी आहे. खाली सत्तरीची एक बाई गुडघ्यावर बसली आहे, पदर डोक्यावरून खाली आलेला, ओंजळ तोंडाशी. तिचं नाव कोंडाबाई, गाव कोनाळवाडी. बातमीत तिचं नाव कुणीच दिलं नाही. माझं मात्र हुद्द्यासकट दिलं. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली त्याच दिवशी हा फोटो फिरायला लागला, म्हणून एवढा फिरला. एरवी कोण विचारतं?

तुम्ही असंही लिहिलंत की वीरभद्रअप्पांचा तुम्हाला फोन आला होता. बुद्ध पौर्णिमेला त्यांच्या प्रतिष्ठानतर्फे मला 'करुणा सन्मान' द्यायचा आहे आणि तो तुमच्या हस्ते द्यावा अशी त्यांची इच्छा आहे. अप्पा इकडचं मोठं प्रस्थ. नवा जिल्हा झाला पाहिजे म्हणून जी कृती समिती आहे तिचे अध्यक्ष. बोलायला गोड. त्यांनी तुम्हाला कसं शोधून काढलं ते मला माहीत नाही.

कृपा करून येऊ नका. तुमचं वय झालं आहे, ऊन बेचाळीसच्या वर आहे, इथे पाण्याचे हाल आहेत. मी टँकर घेऊन एका गावात गेले, एवढंच घडलं. त्यापलीकडे त्यात काही नाही.

तब्येतीला जपा.

विशाखा

•

लातूर
२८ एप्रिल

सर,

तुमचं उत्तर नाही. मी वाट बघत होते असं नाही, पण रोज पेटीत हात घालून बघते आहे.

काल कोंडाबाई कार्यालयात आली होती. कोनाळवाडीहून आधी चार किलोमीटर पायी, मग एसटीने. दुपारी दोनची वेळ. शिपायाने तिला बाहेर अडवलं तर ती म्हणाली, "मॅडमला सांग, फोटूतली बाई आलीया." मी उठून तिला आत घेतलं, पंखा तिच्याकडे वळवला, पाणी मागवलं. पाण्याच्या ग्लासाकडे तिने पाहिलं आणि नको म्हणाली.

"तुमी पाणी दिलं, म्या पेलं. तहान लागली व्हती म्हणून पेलं," ती म्हणाली. "पर माझं त्वांड समद्या मुलखाला कामून दावलं?"

मी म्हणाले, "मावशी, तो फोटो मी काढला नाही."

"तुमी न्हाई काढला. मंग तुमच्याच हापिसात त्यो भितीवर कसा हाय?"

तिने बोट दाखवलं. माझ्या मागे, नकाशाच्या शेजारी, आमच्या लोकांनी वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत घालून लावलं होतं. मला ते रोज दिसत होतं सर. आठ दिवस मी त्याच्याखाली बसून सह्या करत होते.

तिचा मुलगा पुण्याला सिक्युरिटीत आहे. त्याच्याच साहेबाने त्याला मोबाइलवर तो फोटो दाखवला आणि 'बघ तुमच्याकडं काय हाल आहेत' म्हणाला. मुलगा बोलला नाही की ही माझी आई. उदगीरच्या व्याह्यांनी विचारलं, 'लेक कमावता असून म्हातारी पाण्याची भीक मागायली का?' हे सगळं तिने रडत सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. एकेक सांगून थांबत होती, जणू मी लिहून घेत आहे.

"बहात्तरला म्या खडी फोडली," ती म्हणाली. "माजं पहिलं लेकरू त्या कामावरच गेलं. तव्हाबी कुणाम्होरं वंजळ धरली न्हाई. त्या दिशी गुडघ्यावर कामून बसले म्हाईत हाय का? तुमचा त्यो पोरगा म्हणला, आज्जी, खाली बसा, नीट दिसंना. मला वाटलं, पाणी सांडंल म्हणून म्हणायलाय."

मी कात्रण काढून टेबलावर उपडं ठेवलं. लोकांच्या मोबाइलमधले फोटो मात्र मला काढून टाकता येत नाहीत, हे तिला कसं समजावणार? ती म्हणाली, "तुमी यवड्या मोठ्या हाव. तुमाला समदं यितं." आणि गेली.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला हे कळणार नाही, आणि तुम्हालाही कळेल की नाही, शंकाच आहे.

सहा वर्षांपूर्वी तुमच्या शाळेत माझा सत्कार झाला. तुम्ही निवृत्त होऊनही खास माइकवर उभे राहिलात. 'ही आमच्याकडे आली तेव्हा अंगावर धड फ्रॉक नव्हता,' असं सुरू केलंत. माझे वडील अडत बाजारात पोत्यांच्या थप्पीखाली सापडून गेले, आईने मला तुमच्या दारात सोडलं तेव्हा ती कशी रडत होती, काकूंनी माझ्या डोक्यातल्या उवा कशा काढल्या, आणि शेवटी, 'आम्ही जातपात मानली नाही, थेट स्वयंपाकघरात घेतलं.' टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी चष्मा घातला होता. तो काढून तिने पदरात गुंडाळला. मी हार घालून घेतला, खाली उतरले, आणि त्यानंतर तुमच्या घरी आले नाही.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच मला कधी भांडता आलं नाही. काकूंनी मला कधी वेगळं ताट दिलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण पाहुणे आले की तुम्ही मला बाहेर बोलवायचात, 'सांग तुझे मार्क.' तुमची लता माझ्याच वर्गात होती. तिला तुम्ही कधी बोलावलं नाही.

आज इतकंच.

विशाखा

•

लातूर
६ मे

सर,

पहिल्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. दुसऱ्यातही अर्धंच सांगितलं. आता सगळं लिहिते, नाहीतर मला काम सुचणार नाही. तसंही सुचत नाही. जीपमध्ये बसले की वाटतं उतरावं, घरी आले की वाटतं कुठेतरी निघून जावं.

तालुक्यात कोणत्या गावाला टँकर द्यायचा, त्यासाठी आधी गावाची पाहणी होते. जाऊन विहीर बघायची, लोकांशी बोलायचं, मग अहवाल. मार्चमध्ये माझ्याकडे एकतीस गावं होती. कोनाळवाडी शेवटची. रस्ता खराब, दुपार झाली होती, मला दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचे तक्ते करायचे होते. तलाठी रामकिशनला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तिथली हीर आपण ताब्यात घेतलीय. पाणी हाय. मी परवाच बघितलंय." मी जीपमध्येच मांडीवर फाइल घेऊन लिहिलं: 'मौजे कोनाळवाडी येथे समक्ष पाहणी केली. अधिग्रहित विहिरीस पुरेसे पाणी आहे. टँकरची आवश्यकता नाही.' सही. तारीख सतरा मार्च.

समक्ष, सर. हा शब्द मी लिहिला.

विहिरीत चिखल होता. बाया दोर लावून खाली उतरायच्या आणि वाटीने घागर भरायच्या. पाच एप्रिलला कोंडाबाईची सून सरजाबाई दगडावरून निसटून वीस हात खाली पडली. कंबरेचं हाड मोडलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात आहे.

ते कळलं तेव्हा मी सैरभैर झाले. माझ्याच अहवालावर लगेच दुसरा अहवाल लिहायचा म्हणजे पहिला खोटा होता असं म्हणायचं. त्याला मी धजले नाही. मी खासगी टँकर शोधायला लागले. एकही मिळेना, सगळे लातूर शहराकडे लागलेले. तेवढ्यात वीरभद्रअप्पांचा फोन आला. त्यांना कुणी सांगितलं ते विचारलं नाही. म्हणाले, "मॅडम, आमचा टँकर घ्या. पैशाचं नाव काढू नका. फक्त तुम्ही स्वतः सोबत जावा. लोकांना धीर येतो." मी गेले. सोबत त्यांचा फोटो काढणारा होता. टँकरवर त्यांचा केवढा मोठा फलक होता, बातमीत तो कापून टाकला आणि 'अधिकाऱ्याने पदरमोड करून आणला टँकर' असं छापलं. मी खुलासा केला नाही. अप्पांनीही नाही. त्यांना घाई नव्हती.

जिथे माझ्यासारखे लोक 'आवश्यकता नाही' लिहितात तिथे अप्पांचा टँकर जातो. मला हे आत्ता, लिहिताना, स्पष्ट दिसतं आहे.

काल मी दवाखान्यात गेले. सरजाबाई पलंगावर सरळ पडून होती, कुशीवर वळता येत नाही. तिशीची असेल. मला बघून तिने हात जोडले. म्हणाली, "मॅडम, तुमी देवावानी आलाव. तुमच्यामुळं गावाला पाणी घावलं. माझ्या सासूचं मनावर घिऊ नका, ती तशीच तिरसट हाय."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी घ्या." बाहेर येऊन जिन्यात बसले.

सर, तुम्ही वर्गात मला विचारायचात, "विशाखा म्हणजे कोण?" मी सांगायची, बुद्धाच्या काळातली मोठी दानशूर बाई. तुम्ही खूश व्हायचात. माझ्या आजोबांनी हे नाव फार हौसेने ठेवलं होतं. काल जिन्यात मला स्वतःच्या नावाची लाज वाटली.

आणखी एक. काकू गेल्या तेव्हा मी आले नाही असं तुम्हाला वाटतं. मी आले होते. नांदेडच्या बसस्टँडवर दोन तास बाकावर बसले आणि परतीची गाडी धरली. कारण मला माहीत होतं, तिथे जमलेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगाल, हीच ती.

विशाखा

•

लातूर
१६ मे

सर,

तुमचं चार ओळींचं उत्तर मिळालं. 'तू लहानपणी असा विचार करत नव्हतीस.' बरोबर. लहानपणी मला भूक लागलेली असायची.

'झालं गेलं विसर, सन्मान स्वीकार, त्या बाईच्या सुनेसाठी अप्पांकडून काही मदत मिळवून दे,' हाही तुमचा सल्ला. माझ्या साहेबांचाही हाच सल्ला आहे. अप्पांचा तर आहेच. ते परवा म्हणाले, "मॅडम, उद्या नवा जिल्हा झाला तर तुमच्यासारखी माणसं वर पाहिजेत." तिघांचंही एकच मत पडावं याची मला भीती वाटते.

कार्यक्रमाला मी जाणार आहे. तुम्ही मात्र येऊ नका. आलात तर मला बोलता येणार नाही.

विशाखा

•

लातूर
२३ मे

सर,

तुम्ही आला नाहीत. आभारी आहे. तुमच्या नावाची पाटी खुर्चीवर शेवटपर्यंत होती.

आता काय झालं ते ऐका. कार्यक्रम अप्पांच्या मंगल कार्यालयात होता. बुद्धमूर्तीला हार, मागे फलक, फलकावर एका बाजूला नव्या जिल्ह्याचा नकाशा आणि दुसऱ्या बाजूला तोच फोटो, माणसाएवढा. पहिल्या रांगेत कोंडाबाई. तिला जीप पाठवून आणलं होतं. नवं लुगडं नेसवलेलं, हातात झेंडूचा हार. मला तो तिने घालायचा होता. मला पाहून तिने मान फिरवली. तिला का आणलं आहे ते तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. सुनेच्या मदतीचा काहीतरी कागद मिळणार आहे, एवढंच तिला माहीत.

अप्पा छान बोलले. ते नेहमीच छान बोलतात. मग मला माइक दिला. मी पर्समधून अहवालाची प्रत काढली आणि वाचली. तारखेसकट. मग म्हणाले, "मी समक्ष गेले नव्हते. विहीर मी बघितली नव्हती. माझ्या या कागदामुळे कोनाळवाडीला तेवीस दिवस टँकर मिळाला नाही आणि सरजाबाई विहिरीत पडल्या. फोटोतला टँकर मी पदरमोड करून आणलेला नाही, तो प्रतिष्ठानचा होता. हा सन्मान मला घेता येणार नाही."

मला वाटलं, आता लोक ओरडतील, कुणीतरी चप्पल फेकेल. तेच बरं झालं असतं.

अप्पांनी हसत माझ्या हातातून माइक घेतला. म्हणाले, "बघा मंडळी! एवढ्या मोठ्या खुर्चीवरचं माणूस भर सभेत आपली चूक सांगतंय. आजकाल कोण सांगतो? तथागतांची करुणा म्हणतात ती हीच! वाजवा टाळ्या!"

आणि टाळ्या वाजल्या, सर. उभं राहून. पुढच्या दोन बाया डोळे पुसत होत्या. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. सहा कॅमेरे होते. मी 'नको, नको' म्हणत होते आणि ते विनयासारखं दिसत होतं. मी जे काही म्हणेन त्याचा तिथे हारच होणार होता.

मग कोंडाबाई उठली. टाळ्या तिच्यासाठी थांबल्या, लोकांना वाटलं आता ती हार घालणार. ती स्टेजच्या पायरीपाशी आली आणि वर बघून मला विचारलं, "मॅडम, मला नीट समजलं न्हाई. टँकरला न्हाई कोण म्हणलं?"

माइक अप्पांच्या हातात होता. मी तसंच म्हणाले, "मी."

"तुमी हीर बगाय आलाच न्हवता?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे असंच बघितलं असेल का, आणि तुम्हाला ते दिसलं असेल का? मग तिने हातातला हार जवळच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. ती तुमच्या नावाची खुर्ची होती. अप्पांचा माणूस "आज्जी, आज्जी" करत धावला, जीप सोडते म्हणाला. ती म्हणाली, "माझं मला जाता यितं."

रात्रीच्या बातम्यांत तेवढं सोडून बाकी सगळं दाखवलं. 'प्रांजळ अधिकारी' असा माझ्यासाठी नवा शब्द निघाला आहे.

विशाखा

•

लातूर
२ जून

सर,

दहा दिवस मी मुखवट्यात वावरले. लोक ओळखीचं हसतात. एका शाळेने भाषणाला बोलावलं. साहेब म्हणाले, "झालं ना? मन मोकळं केलंत ना? आता लेखी काही देऊ नका." त्यांचं म्हणणं मला समजलं. भाषणावर कुणी चौकशी लावत नाही.

मी लेखी दिलं. एका पानाचं निवेदन, प्रांतांच्या नावे. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. "भावनेच्या भरात लिहिलंय तुम्ही. आठ दिवसांनी बोलू." खणाला किल्ली होती.

काल रजा टाकून एसटीने कोनाळवाडीला गेले. फाट्यापासून पुढे चालत. गाव बघायला म्हणून मी पहिल्यांदाच तिथे गेले, हे तुमच्या लक्षात आलं असेल. विहीर बघितली. आधी विहीर, मग घर. काठावर उभं राहून खाली बघितलं तर तळाशी एक घागर आडवी पडलेली. ती सरजाबाईंची की कुणाची, विचारलं नाही.

कोंडाबाई दारात तुरी पाखडत होती. बस म्हणाली नाही. सूप चालूच.

"फोटूवाला कुठंय?"

"एकटीच आलेय."

"मंग काय काम काढलं?"

मी माफी मागितली. घरून शब्द जुळवून नेले होते, ते सगळे बोलले. तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "ह्ये तुमी तितं बोललाव, समद्यांनी टाळ्या दिल्या. आता हितं बोलायलाव, म्या काय दिऊ?"

मी निघायला वळले. तेव्हा ती म्हणाली, "थांबा. तुमाला लिव्हाय यितं न्हवं? मला न्हाई यीत. मंग लिव्हा माझा अर्ज. कलेक्टरला. तुमच्या नावानं."

शेजारच्या घरून वही आणली. मी ओट्यावर बसले आणि लिहायला लागले. अर्जदार, कोंडाबाई, राहणार कोनाळवाडी. विषय, टँकर नाकारल्याबाबत व त्यामुळे झालेल्या अपघाताबाबत तक्रार. हाताला सवय आहे सर, असे शेकडो अर्ज मी वाचले आहेत. मी लिहून वाचून दाखवलं: 'संबंधित अधिकाऱ्यांनी अनवधानाने चुकीचा अहवाल सादर केल्यामुळे...'

"अनवधान म्हंजी?"

"म्हणजे लक्ष नसताना. चुकून."

"चुकून न्हाई," ती म्हणाली. "तुमी आलाच न्हाई. तसं लिव्हा."

मी खोडलं. 'अधिकारी गावात आल्या नाहीत.'

"आल्या आन बघितलं, आसं खोटं लिव्हलं. त्येबी लिव्हा."

लिहिलं. "कोन अधिकारी? नाव न्हाई का त्यायला?" नाव लिहिलं. स्वतःचं नाव, आडनाव, पद. मग ती म्हणाली, "माझ्या सुनेचं दवापाणी सरकारनं करावं. मदत म्हणून नगं, नुकसान केलं म्हणून. गावाला रोज दोन खेपा पाणी, पाऊस पडंस्तोर. आन त्यो फोटू," ती थांबली, "त्यो फोटू जितं जितं सरकारी हापिसात लावला आसंल तितून काढावा. बाकीच्याचं काय करता यीत न्हाई म्हणताव तर ऱ्हाऊ द्या."

पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मी वाचलं. 'आल्या नाहीत' या शब्दांपाशी मी वही खाली घेतली. ती म्हणाली, "वाचा, वाचा." रडण्याची सवड तिने मला दिली नाही. मग अंगठा उमटवला आणि बोट लुगड्याला पुसलं.

"ह्यो तुमच्या सायबाकडं नगं. म्या सोता न्हिऊन दीन."

आज सकाळी ती लातूरला आली. कलेक्टर कचेरीत मी तिच्याबरोबर रांगेत उभी होते. आवकच्या खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला, मला ओळखलं, पुन्हा वाचला. "मॅडम, हे तुमच्याच विरोधात आहे." कोंडाबाई म्हणाली, "तिला म्हाईत हाय. तू शिक्का मार."

पोच घेऊन ती दवाखान्यात सुनेकडे गेली. मला ये म्हणाली नाही.

विशाखा

•

लातूर
१४ जून

सर,

दोन बातम्या. कोनाळवाडीला सहा तारखेपासून सरकारी टँकर सुरू झाला, रोज दोन खेपा. आणि काल माझा निलंबनाचा आदेश निघाला. रामकिशनचाही. माझ्या निवेदनापेक्षा तिच्या अंगठ्याला जास्त वजन पडलं. सरजाबाईंच्या उपचारांचा प्रस्ताव वर गेला आहे. त्या अजून बसू शकत नाहीत. बसतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मी लिहिलेलं काहीही यापुढे ते हाड सांधणार नाही, हे मला रोज सकाळी उठल्यावर आठवतं.

अप्पांचा फोन येत नाही. 'प्रांजळ अधिकारी' आठवडाभरात जुनी झाली.

तुमचं मोठं पत्र आलं. पाच पानं. शिकवणं सुटल्यावर घरी कुणी येईना, लता परदेशी गेली, काकू गेल्या, मग कुणी भेटलं की तुम्ही माझी गोष्ट सांगायचात, कारण आयुष्यात सांगण्यासारखं तेवढं एकच केलं असं तुम्हाला वाटायचं. हे तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत. ते वाचून मला तुमच्यावर रागावता येईना. पण राग गेलाही नाही. दोन्ही तसंच आहे.

शेवटी तुम्ही लिहिता, 'मोठ्या मनाने माफ कर.' सर, ते मोठं मन पुन्हा माझ्यावर नका टाकू. कोंडाबाईने मला माफ केलेलं नाही. परवा दवाखान्यात गेले तर तिने सुनेला सगळं सांगितलेलं होतं. सरजाबाईंनी यावेळी हात जोडले नाहीत, भिंतीकडे बघत राहिल्या. कोंडाबाई म्हणाली, "आलाव तर बसा. तिला वळवायला दोन माणसं लागतात." आम्ही दोघींनी मिळून तिला कुशीवर वळवलं. आता एक दिवसाआड मी जाते. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांच्या माफीशिवाय मी जगते आहे. तुम्हालाही तसं जगता येईल, आणि मी येत राहू शकेन.

रविवारी दुपारच्या गाडीने नांदेडला येते. काकूंचं शेवटचं जिथे केलंत तिथे मला न्या. जेवायला काही विशेष करू नका, शेजारच्यांना बोलावू नका. आणि कुणी आलंच, ही कोण म्हणून विचारलंच, तर तुम्ही गप्प बसा सर. मला सांगू द्या.

विशाखा